काळविहिरीची मोहीम

पुणे,
४ ऑगस्ट १९९६

ती. नूतनताईस,
वाल्मिकचा शि. सा. न. वि. वि.

मी इकडे ठीक आहे. होस्टेलच्या आमटीत डाळ शोधावी लागते, त्यामुळे मायच्या कळण्याच्या भाकरीची आठवण रोज येते. मागच्या सुट्टीत तुला फाशांचा खेळ शिकवला होता ना? एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातले योद्धे, चोर, मांत्रिक होतात आणि डाव साधला की फसला ते फासा ठरवतो. मित्रांनी आता मलाच एक मोहीम लिहायला लावली आहे. नवशिक्यांसाठी, लढाई कमी आणि तपास जास्त.

ती सोबत पाठवतो आहे. राजाच्या मुलखात काळविहीर नावाचं गाव. तिथली मुलं आजारी पडताहेत आणि सगळ्यांचा संशय वेशीबाहेर एकट्या राहणाऱ्या, घुबड पाळणाऱ्या म्हातारीवर आहे. ती बिचारी निर्दोष. खरा गुन्हेगार गावचा किमयागार. त्याच्या भट्टीचं विषारी पाणी जमिनीतून विहिरीत उतरतं. मेलेले मासे, करपलेलं गवत अशा खुणा मी जागोजागी ठेवल्या आहेत. गल्लीतल्या बायकांना बसवून खेळव आणि नवख्या माणसाला गुन्हेगार सापडतो का, ते खरं सांग. उगाच कौतुक नको. नाव वाल्मिक असलं म्हणून मी काही ऋषी नाही.

आप्पा आणि मायला नमस्कार. धाकट्यावरची माया आहे तशीच ठेव.

तुझा,
वाल्मिक


लिंबायत, सुरत,
२० ऑगस्ट १९९६

चि. वाल्मिक यास,
नूतनताईचे अ. उ. आ.

मोहीम मिळाली. तुझं अक्षर वाचायलाच एक मांत्रिक बसवावा लागला असता. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या शोभावहिनी, तारा आणि गल्लीच्या टोकाची सुंदरामावशी अशा तिघींना बसवलं. मावशी आठवते ना? एकटी राहते, साड्यांना टिकल्या लावते, तुला बोरं द्यायची ती. ती चोर झाली आणि सगळ्यांत जास्त तीच हसली.

आता ऐक तुझी चूक. मुलं आजारी आहेत म्हटल्याबरोबर शोभावहिनींनी भगत कुठे आहे म्हणून विचारलं. तू तर भगत लिहिलाच नाहीस! दुखणं हटेना की आपले लोक आधी त्याच्याकडे जातात, तो सुपात दाणे टाकून बाधा कुणाची ते सांगतो, हे पुण्याला जाऊन विसरलास वाटतं. मी आयत्या वेळी एक भगत उभा केला आणि तो कुणाचं नाव घेईल त्यासाठी फासा टाकला. नाव म्हातारीचं आलं. झालं, तपास तिथेच संपला. किमयागाराच्या दाराकडे कोणी फिरकलंसुद्धा नाही. तारा म्हणाली की त्याच्या भट्टीवर सगळ्या गावाचं पोट चालतं, त्याला काय विचारायचं.

एकटी सुंदरामावशी अडून बसली. आधी मासे कशाने मेले ते बघा, असा तिचा हेका. म्हातारीची बाजू घेऊन ती इतकी भांडली, की शोभावहिनींनी हसत हसत तिलाच डाकीण म्हटलं. मग दोघींनी खेळातल्या म्हातारीची झोपडी जाळली. माझं मत असं की तुझ्या मोहिमेत नवख्याला गुन्हेगार सापडतो, पण भलताच. म्हातारी त्यांच्या हातात आयती दिलीस तू.

इकडे गल्लीत पोरांना उलट्या आणि अंगावर चट्टे चालले आहेत. शोभावहिनींची प्रियांका तर अंथरुणालाच खिळली आहे. डॉक्टरच्या गोळ्यांनी उतार पडत नाही. तू बाहेरचं खात जाऊ नकोस.

अभ्यासाकडे लक्ष दे आणि ताईवर लोभ ठेव.

नूतन


पुणे,
२७ ऑगस्ट १९९६

ती. नूतनताईस,
शि. सा. न. वि. वि.

भगताचं वाचून आधी हसलो. पत्राचा शेवट वाचला आणि हसू पळालं. ताई, किमयागाराची भट्टी मी कुठून घेतली, माहीत आहे? आप्पा कामाला जातात त्या डाइंग मिलवरून. तिचं रंगीत पाणी ज्या नाल्यातून वाहतं तो आपल्या हातपंपाला चिकटून जातो. उन्हाळ्यात त्या पाण्याला वास यायचा म्हणूनच मला ही गोष्ट सुचली. मी बसलो खेळ लिहीत आणि तुम्ही बसलात ते पाणी पीत.

पंपाचं पाणी आजच बंद करा. मोठ्या रस्त्यावरच्या नळाचं आणा आणि सगळ्यांना सांग. ते डाकीण प्रकरणही थट्टेत राहू देऊ नकोस, मला ते बरं वाटलं नाही.

काळजीत आहे. लगेच उत्तर धाड, एवढा लोभ कर.

वाल्मिक


लिंबायत, सुरत,
१६ सप्टेंबर १९९६

चि. वाल्मिक यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी आप्पांशी बोलले. मिलचं नाव घेतलं तर दुसऱ्या दिवशी शेठ त्यांना कामावरून घरी बसवेल, आणि अर्ध्या गल्लीलाही, असं ते म्हणाले. आपल्या घरापुरतं नळाचं पाणी आणायचं ठरलं. मी गप्प राहिले. वाल्मिक, मी गप्प राहिले आणि प्रियांका गेली.

शोभावहिनींच्या सासरच्यांनी गावाकडून भगत आणला. त्याने सूप धरलं, दाणे टाकले. त्याच्या तोंडून नाव निघायच्या आत शोभावहिनीच किंचाळल्या, सुंदराचं नाव घेऊन. खेळातही ती डाकिणीचीच बाजू घेत होती, हा त्यांचा पुरावा. तारानेही मान डोलावली. मावशीला ओढून बाहेर काढलं, तिचे केस कापले, टिकल्यांचा डबा नाल्यात फेकला. तो नुसता खेळ होता, फासा मी टाकला होता, असं मी ओरडत राहिले. कुणी ऐकलं नाही. मावशी चलथाणला भाचीकडे निघून गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मला फार लाज वाटते रे. काय करू ते कळव.

नूतन


पुणे,
२३ सप्टेंबर १९९६

ती. ताईस,
नमस्कार.

करायचं काय ते तुला ठाऊक आहे. शेठला घाबरून एक मूल गेलं आणि एक बाई उघड्यावर पडली. सगळ्यांसमोर खरं सांग आणि मावशीला परत आण. नाहीतर दिवाळीला मीच येऊन चौकात ओरडेन. आप्पांना वाटेल ते वाटो.

कडक लिहिलं, राग धरू नकोस. लोभ तेवढा धर.

वाल्मिक


लिंबायत, सुरत,
२० ऑक्टोबर १९९६

चि. वाल्मिक यास,
अ. उ. आ.

तू म्हणालास तसं केलं. चौकात उभी राहून मिलचं आणि पंपाचं सगळं सांगितलं. शोभावहिनींचे यजमान भगवानभाऊ त्याच मिलमध्ये कामाला आहेत. चार बुकं शिकलेली पोर सगळ्यांच्या पोटावर पाय द्यायला निघाली, असं ते म्हणाले. आप्पा मान खाली घालून उभे होते. बायका तिथूनच हंडे घेऊन पंपावर गेल्या.

त्याच आठवड्यात ताराचं बाळ आजारी पडलं. उलट्या थांबेनात, डोळे फिरवायला लागलं. तारा त्याला पंपाचंच पाणी चमच्याने पाजत होती. मी तिचा हात धरला, ती मला ढकलायला लागली. तेव्हा मी म्हटलं की जाताना सुंदराने पंप मंतरला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

लगेच ऐकलं रे सगळ्यांनी! भगवानभाऊंनी स्वतः पंपाचा दांडा काढला, वर बाभळीचे काटे बांधले. गल्ली नळावर जायला लागली. बाळ वाचलं, आणि त्यानंतर एकही पोर आजारी पडलं नाही. त्यामुळे मावशी डाकीण होती याबद्दल आता कुणालाच शंका नाही. मला साक्षीदार म्हणून पुढे करतात, हळदीकुंकवाला मान देतात.

परवा चलथाणला जाऊन आले. मावशी डोक्याला फडकं बांधून धान्य निवडत होती. तिने आधी पोरं बरी आहेत का विचारलं. हो म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. मग आता मी घरी येऊ शकते, असं म्हणून ती कपड्यांची पिशवी आणायला उठली. मला तिला सगळं सांगावं लागलं. ती पिशवी हातात घेऊन खाली बसली. मग ताराचं बाळ दूध घेतं का एवढं विचारलं, पिशवी खुंटीला लावली आणि आत गेली.

दिवाळीला ये, पण ओरडू नकोस. मावशीने काही केलं नाही असं तू पटवलंस, तर ते त्याच दिवशी पंप उघडतील.

अजून माझ्यावर लोभ उरला असेल, तर तसं दोन ओळींत कळव.

नूतन