गाणारा एकच, रेकॉर्डी दोन

सर, आत्ताच तुमच्या घरून, काकूकडून निघालो. मलकापूरची गाडी लेट हाये, म्हणून नांदुऱ्याच्या फलाटावर बसून तुमाले लिहून राह्यलो. तुमी गेल्याले अकरा वर्षं झाले. हे कुठी टाकाचं ते मालूम नाही, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घाची फिकीरही नाही. तुमी होते तवा एक पेपर धड लिहला नाही, आता लाल शाई घेऊन कोण बसलं हाये.

मॅट्रिकले मी दोनदा गचकलो, दोन्ही वेळा तुमच्याच इंग्रजीत. तरी तुमी म्हटलं का रविवारी घरी येत जाय, फी-बी काही आणू नको. अन् शिकवाची तऱ्हा अशी का पुस्तक उघडाच्या आंधी ती पेटीवाली मशीन लावाची, अन् तुमच्याजवळची एकुलती एक इंग्रजी रेकॉर्ड. त्या अमेरिकावाल्याचं गाणं पुरते तीन मिन्टंही नव्हतं. गिटार अशी वाजे का मालगाडी पुलावरून चालली. तुमी म्हणत, शब्द पकड. मी एकही पकडला नाही. तुमी डोये मिटून बसत, पायाचा आंगठा हालत राहे, अन् गाणं संपलं का दर वेळी तेच सांगत, का ह्या माणसाचा आवाज मी हजारात ओयखीन. शेजारचे लोक म्हणत, मास्तर चांगला हाये पण रविवारी त्याच्या आंगात येते.

मंग तो वैशाख. काकूनं गच्चीवर खाटेवर उडदाचे पापड वायू घातले होते. मी पेटीतून तुमची रेकॉर्ड काढली अन् पापडाच्या मधात ठेवून देली. काकू पापड उलटवाले येईन, हा काया पापड कोणाचा म्हणून ओरडन, अन् आपण हासू, एवढाच बेत. पण काकूले शेजारच्या बाईनं गोष्टीत धरलं, अन् मी जिन्यात वाट पाहू पाहू घरी जाऊन झोपलो. आपल्याकडचं ऊन तुमाले काय सांगू. चार वाजता येऊन पाह्यतो त रेकॉर्ड द्रोणासारखी झाल्ली. तुमी मारलं असतं त बरं झालं असतं. तुमी ते दोन्ही हातात धरून उलटंपालटं पाह्यलं अन् म्हटलं, "एकच होती बे माझ्याजवळ." मंग म्हणे, "आता तूच आणजो. पण कोणतीही उचलून नको आणू. निवडून आणजो."

पुढच्या साली मी मलकापूरले कापसाच्या जिनिंगात लागलो. तिथच्या मिस्त्रीनं सांगतलं का भुसावळले रेल्वेच्या बंगल्यात एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब राह्यते, त्याचं कुटुंब ऑस्ट्रेलियाले चाललं, सामान विकून राह्यले. मी सुट्टीच्या दिवशी गेलो. आंगणात पलंग, आरसे, चिनीमातीच्या बशा, सारं मांडून ठेवल्लं, अन् एका खोक्यात रेकॉर्डी. त्यात तुमच्या गाणाऱ्याच्या दोन निघाल्या. मोठ्या रेकॉर्डी, दोन्हीवर त्याचे गाजलेले गाणे निवडून भरल्ले, तुमचं गाणं दोन्हीवर. मेमसाबनं मले खुर्ची देली, चहा देला, अन् दोन्ही लावून दाखोल्या. हिंदीत समजावून सांगतलं का ही पहिली, तो जवान होता तवाची. अन् दुसऱ्या कंपनीसाठी त्यानं तेच गाणे काही वर्षांनी पुन्हा गायले, ते ह्या दुसरीत.

फरक कोणालेही समजला असता सर. पहिलीत तो असा गाते का मांगून कोणी धराले येऊन राह्यलं अन् त्याच्या आंधी गाणं संपवाचं हाये. दुसरीत सारं जागच्या जागी, शब्द साफ, अन् माणूस जसा मस्टरवर सही कराले आला. मेमसाब म्हणे, "एक मेरा बेटा ले जाएगा। पहले तुम चुनो।" परक्या माणसाले अशी पहिली निवड कोणी देते का. अन् मी दुसरी उचलली. न समजून नाही, समजून उमजून. हजारात ओयखीन म्हणणाऱ्या मास्तरले एकदा पकडू, दोन रविवार मजा घेऊ, मंग हे बदलून आणू. त्याहीचं जहाज महिन्याभरानं होतं. भुसावळ काही लांब नाही.

तुमी खोक्यातून मशीन काढली, रेकॉर्ड पुसली, सुई ठेवली. गाणं वाजते. तुमी डोये मिटून बसले हाये अन् मी तुमच्या तोंडाकडे पाहून राह्यलो का आता मास्तर फसते. त्या दिवशी मी फक्त तोंडाकडेच पाह्यलं. पायाचा आंगठा हालत नव्हता, हे मले आता दिसते. गाणं झाल्यावर तुमी काकूले हाक मारून म्हटलं का पोट्ट्यानं बराबर निवडून आणली. मी मनात लय हासलो. पुढच्या रविवारी सांगाचं ठरोलं. पुढच्या रविवारी जिनात कापूस आला, सुट्टी मिळाली नाही. त्याच्या पुढच्याले कटाया आला. मंग कोणी सांगतलं का सरले कावीळ झाली. मी आलो तवा तुमी ओयखत नव्हते, अन् भुसावळच्या बंगल्याले कुलूप होतं.

तेरवीच्या दिवशी भांडे उचलता उचलता काकू मले म्हणे, "त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं मले. आवाज त्याचाच हाये, पण हा तो नव्हे. पोट्ट्याले सांगजो नको म्हणे, बिचाऱ्याले फरक समजला नसन."

बिचारा. साऱ्या जिंदगीत मले कोणी बिचारा म्हटलं नव्हतं. हरामी म्हणत, वांड म्हणत, त्यात काही वाईट वाटे नाही. तुमी मले बुद्दू समजून गेले, अन् वरतून माया करून गेले. मी पकडाले निघालो होतो तुमाले.

मागच्या महिन्यात अकोल्याच्या दुकानात ती पहिली रेकॉर्ड नवी छापून आल्ली दिसली. घेतली. आज काकूकडे नेली, ठरवूनच गेलो होतो का सारं सांगून टाकाचं, पापडापासून. काकूनं मशीन काढली, झटकली. आंधी मी तवा आणल्ली जुनी लावली, मंग ही. मी कान देऊन बसलो. सर, अकरा हंगाम झाले जिनात. चौदा-चौदा मशिनी एका शेडमध्ये, घरी आलो तरी कानात तोच घरघराट राह्यते, बायको दोनदा बोलते तवा एकदा ऐकू येते. गाणं सुरू झालं, संपलं. काकू म्हणे, मले त बापा दोन्ही सारख्याच वाटते, तुले काही समजते का? तिच्या तोंडावर अशी आशा होती का जसं तुमीच सांगसान.

मी म्हटलं, "हाव काकू. लय फरक हाये."

बरं वाटलं तिले. दोन पापड भाजून देले, मी खाल्ले. सांगाचं होतं ते राहूनच गेलं. अन् तुमाले म्हणून सांगतो, मले काहीच फरक ऐकू आला नाही.