तीन मिनिटं उभं राहणं

प्रिय आई,

तू विचारण्याआधीच सांगते, मी वेळेवर जेवते.

आमच्या दवाखान्यात सध्या एक नवल चाललंय. उभं राहिलं की ज्यांचं बीपी एकदम उतरतं, त्यांना एका अमिनो आम्लाच्या कॅप्सूल देऊन पाहतायत. डाळीच्या प्रथिनांत अमिनो आम्लं असतात ना, त्यांच्याच गोतातलं, पण कारखान्यात बनवलेलं. शिरा आवळणारं रसायन शरीर त्यातून स्वतःच तयार करतं म्हणे. कसं जमतं त्याला, देव जाणे. माझं काम एवढंच, आडवं असताना बीपी मोजायचं आणि उभं करून तीन मिनिटांनी पुन्हा.

काल आमचे म्हातारे शिंपीकाका पहिल्यांदाच तिन्ही मिनिटं उभे राहिले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, खांद्यावरची शिवण उसवलीय की तुझी." इतके दिवस खाटेवरून त्यांना ती दिसलीच नव्हती.

लगेच कॅप्सूल मागू नकोस. ती घेऊन आडवं झाल्यावर बीपी उलट चढतंही, म्हणून काकांची खाट उशाकडून उंच केलीय.

तुझं बीपी डॉक्टर बसवूनच मोजतात ना? एकदा उभं राहून मोजून घे.

बाबांनी लिहिलंय, महिन्यात तिसरा कप फुटला. हात ओला होता, असं तू त्यांना सांगितलंस. आई, कप घेऊन तू खुर्चीतून उठत होतीस का?

तुझी,
धाकटी