काळी चारचा षड्ज

तुलसी नगर, भोपाळ
१० ऑगस्ट २०२५

ती. मेघाताईस,

मयूरचा नमस्कार. तू मला फोनवर ब्लॉक केलंस, म्हणून पोस्टाने. पत्र फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील, मला माहीत आहे.

इकडे ठीक. बाबा ऑफिसातून येतात, बातम्या लावतात, आवाज वाढवतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. आईचे गुडघे तसेच. तुझ्या घरी मी जे बोललो ते चुकलं, तेवढं लिहून टाकतो. कॉलेज सोडलं ते मात्र चुकलं नाही, ते पुन्हा काढू नकोस. थर्ड इयरला मागच्या बाकावर बसून बोटं आपटत होतो, दुसरं काय करत होतो. सरांनी सगळ्यांसमोर "ए तबलची" म्हटलं, मी खुर्ची ढकलली, खुर्ची काचेला लागली. बस. बाबा ते दंगल झाल्यासारखं सांगतात.

आता कामाला आहे. सकाळी शिकवण्या, संध्याकाळी अयोध्या नगरला लीलावतीबाईंच्या क्लासमध्ये तबल्याची साथ. तुला बाई आठवत असतील, तू दोन परीक्षा देऊन पळालीस. यंदा त्यांच्याकडून एकच मुलगी विशारदला बसते आहे. जुई. कोलार रोडला राहते, तू पाहिलेली नाहीस. एका शाळेत गाणं शिकवायची जागा तिला कबूल झाली आहे, पण विशारद पूर्ण झाली तरच. परीक्षा मंडळाने यंदा दोन रस्ते ठेवलेत. डिसेंबरात परीक्षकांसमोर बसून गा, नाहीतर सप्टेंबरअखेर रेकॉर्डिंग पाठवा. रेकॉर्डिंगला एकच कॅमेरा, गाणारी आणि तबलेवाला दोघं दिसले पाहिजेत, आधी नाव आणि क्रमांक बोलायचा, आणि मग शेवटपर्यंत कुठे कापायचं नाही. गुरूने खोलीत थांबायचं नाही.

जुई म्हणते रेकॉर्डिंग. मी म्हणतो डिसेंबर. त्यावरून रोज भांडण.

"तुला घाई काय आहे एवढी?"

"आहे."

"मतलब?"

"मतलब तू तबला लाव."

तबला लावायचा म्हटला की डोकं फिरतं. जुई पहिल्यापासून काळी चारमध्ये गायची. पेटीवरची चौथी काळी पट्टी, तो तिचा सा. माझा तबला कायम त्याच सुराला लावलेला, घरी नुसता हात पडला तरी मला ती समोर बसल्यासारखी वाटायची. हल्ली ती म्हणते, थोडा उतरव. मग अजून थोडा. आता पांढरी चारवर आली आहे. तेवढ्या खाली माझा तबला उतरतच नाही, पुडी, म्हणजे वरचं कातडं, ढिली पडते आणि बद बद वाजते. बाईंनी त्यांचा जुना, मोठ्या तोंडाचा तबला माळ्यावरून काढून दिला. मी घेतला. वाजवताना परक्याच्या चपला घातल्यासारखं होतं.

आणि बाई तिला काही बोलत नाहीत. आठवतं ना, आळशी मुलींना न सांगता बाई तंबोऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक पेटीची कळ अर्धा सूर वर फिरवायच्या. मुली बिनधास्त गायच्या. मग बाई म्हणायच्या, "बघ, अर्धा सूर वर गायलीस. भीती गळ्यात नसते, डोक्यात असते." जुईलाच काय सूट?

प्रेमबिम काही नाही, आधीच सांगून ठेवतो.

एक काम होतं, तू दवाखान्यात कामाला आहेस म्हणून. माझ्या मित्राच्या मावशीच्या गळ्यात गाठ निघाली आहे. ऑपरेशननंतर आवाज तसाच राहतो का, तुमच्या डॉक्टरांना विचारून कळव. सहज विचारतोय.

भाऊजींना नमस्कार.

मयूर

---

तुलसी नगर, भोपाळ
२१ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. "आवाजाची नस गाठीला चिकटलेली असेल तर आधी सांगता येत नाही. बोलण्यापुरता आवाज बहुतेक राहतो. मावशीचं वय काय?"

मावशीचं वय बावीस आहे.

मला जूनपासून माहीत आहे. क्लासच्या जिन्यात चपला घालताना जुईने सांगितलं, वीज गेल्याचं सांगावं तसं. मी तुला खरं लिहिलं असतं तर तू मला समजावलं असतंस, आणि मला समजून घ्यायचं नव्हतं.

ऑपरेशन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. म्हणून घाई. म्हणून डिसेंबर तिच्यासाठी नाहीच. बोलण्यापुरता आवाज राहील हे तिलाही सांगितलं आहे. शाळेतल्या पोरांना पेटी धरून सा रे ग म शिकवायला तेवढा पुरतो, असं ती म्हणते. फक्त कागद हवा. डॉक्टरने रियाज बंद केला आहे. "बेटा, एक बार गा लो जो गाना है, फिर चुप।" म्हणजे रेकॉर्डिंग एकदाच. बाईंच्या हॉलमध्ये, येत्या रविवारी. परत करू, दुसरा टेक घेऊ, असलं काही नाही.

काल तिला स्कूटीवर कोलार रोडला सोडायला गेलो, वाटेत चहाला थांबलो. मी म्हटलं, "पांढरी चारमध्ये गाशील ते तुझं गाणं नाही."

"मग कुणाचं?"

"साठ वर्षांच्या बाईचं."

तिने कप दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "मयूर, मी साठ वर्षांची व्हायला एका पायावर तयार आहे."

मी स्टुलाला लाथ मारली. चहावाला म्हणाला, "भैया, इस बेचारे ने क्या बिगाड़ा है।" जुई हसली, आणि हसताना गळ्याला हात लावला. हल्ली ती हसताना गळा धरते.

ताई, प्रेमबिम काही नाही असं मी लिहिलं होतं. ते खोडून वाच. मी तिला अजून काही बोललेलो नाही. तिचे बाबा, श्रीकांतकाका, मला "तबलेवाला मुलगा" म्हणतात, नाव अजून लक्षात नाही त्यांच्या. रात्रंदिवस डोक्यात एकच. हा शेवटचा रेकॉर्ड आणि तो असा उतरलेला राहणार? पुढे कुणी ऐकेल आणि म्हणेल, बरी गायची. बरी. ती बरी नव्हती गायची, ताई. तिचा तार षड्ज, वरचा सा, लागला की बाई जपमाळ थांबवायच्या.

डोक्यात एक गोष्ट आहे. लिहीत नाही. माझी नाही, बाईंचीच आहे.

मयूर

---

तुलसी नगर, भोपाळ
१६ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

तू ब्लॉक काढलास ते कळलं. तुझे मिस्ड कॉल पाहिले. उचलले नाहीत, कारण हे मला तोंडाने सांगता येणार नाही.

रविवारी मी हॉलवर सगळ्यांच्या आधी गेलो. बाई आत पूजेत होत्या. मी मोठ्या तोंडाचा तबला पिशवीतून काढलाच नाही. माझा काढला, काळी चारला लावला, आणि तंबोऱ्याची कळ फिरवून त्याच सुरावर ठेवली. अर्धा सूर नाही, ताई. दीड सूर. मला खरंच वाटत होतं की तिचा आवाज कुठे गेलेला नाही, तो घाबरून खाली बसला आहे, आणि जुना सूर कानावर पडला की उठेल. जुईने विचारलं, "मोठा तबला नाही आणलास?" मी बाईंनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "त्याची पुडी फाटली, हाच कसाबसा उतरवलाय." ती माझ्यावर विश्वास ठेवून बसली.

बाईंनी कॅमेरा सुरू केला आणि नियमाप्रमाणे बाहेर गेल्या. जुईने नाव सांगितलं, क्रमांक सांगितला, राग बिहाग. मी तंबोरा सुरू केला.

तिने पहिला सा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान खाली घालून तबल्यावर हात ठेवला.

ती थांबली नाही. आणि ताई, पहिला भाग ती अशी गायली की मला वाटलं, मी जिंकलो. हे मी लिहितोय कारण ते खरं आहे. मी तिथे बसून मनात हसत होतो. मग अंतरा आला. अंतऱ्यात तार षड्जावर जावंच लागतं, तिथून सुटका नाही. ती गेली. तो लागला, क्षणभर अगदी पूर्वीसारखा लागला, आणि मग कापड फाटावं तसा गेला. पुढे नुसती हवा. कॅमेरा चालूच होता. तिने समेला मान हलवली, मला पुढे चल म्हणून हाताने खूण केली, आणि उरलेलं सगळं त्या हवेवर गायली. द्रुत बंदिशसुद्धा. मी वाजवत राहिलो. थांबता येत नव्हतं, आणि हातांना दुसरं काही येत नव्हतं.

बाई आत आल्या. तंबोरा अजून चालू होता. त्यांनी फक्त तो ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. खाली बसून कळ परत पांढरी चारवर फिरवली, आता काही उपयोग नव्हता तरी.

जुईच्या तोंडून आवाज येत नव्हता. मी विचारलं, "थांबली का नाहीस? लगेच थांबायचं होतंस." तिने फोनवर टाइप करून माझ्यासमोर धरलं.

"थांबले असते तर तुला जन्मभर वाटलं असतं मी भित्री."

पुसलं. पुन्हा लिहिलं.

"बघ. भीती डोक्यात नव्हती."

मग लिहिलं, "पाठव." दुसरं पाठवण्यासारखं काही नव्हतंच. मी पाठवलं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, नस वाचली नाही. श्रीकांतकाकांनी डॉक्टरांना विचारलं, त्या गाण्यामुळे झालं का. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं, आज नाहीतर उद्या. काका दवाखान्याबाहेर मला म्हणाले, "मयूर, तू शेवटपर्यंत साथ केलीस, बेटा." पहिल्यांदा नाव घेतलं त्यांनी माझं. मी त्यांना काही सांगितलं नाही. जुईनेही सांगितलेलं नाही. बाईंनीही नाही. हे तिघांत आहे, आता चौथी तू.

परवा निकाल आला. क्रियात्मक, अनुत्तीर्ण. खाली परीक्षकांचा शेरा आहे. "विद्यार्थिनीने स्वतःच्या आवाजाला न पेलणारा स्वर निवडला. तबला उत्तम."

मी तिच्या घरी गेलो. म्हटलं, मी मंडळाला लिहितो, सूर मी लावला होता, तिने निवडला नाही. ती खिडकीशी बसली होती, गळ्याला पट्टी. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते, श्वासाच्या टोकावर शब्द ठेवल्यासारखं. जवळ वाकावं लागतं. एवढ्या जवळ मी कधी गेलो नव्हतो.

"लिही," ती म्हणाली. "ते विचारतील, गाणारीला ऐकू आला नाही का."

"मग काय सांगू?"

"आला होता म्हणून सांग."

शाळेने जागा दुसऱ्या कुणाला दिली. जे बोलायचं ठरवून महिनोन् महिने फिरत होतो ते बोलायला मी तोंड उघडलं. तिने हात वर करून थांबवलं. तिला कळलं होतं, बहुतेक कधीपासूनच. पुन्हा वाकायची खूण केली.

"मला पांढरी चार पुरली असती, मयूर."

एवढंच. मग तिने खिडकीकडे तोंड केलं, आणि तिच्या आईने दार लावून घेतलं.

बाईंचा मोठा तबला परत करायला गेलो तर त्यांनी घेतला नाही. "ठेव तुझ्याकडेच," म्हणाल्या. "पुडी बघ जरा, तू फाटली म्हणाला होतास." तंबोऱ्याच्या कळीवर त्यांनी चिकटपट्टी लावून टाकली आहे. आत नवीन मुली गात होत्या, जिथे त्यांचा गळा असेल तिथे.

मंडळाला पत्र लिहिलं आहे, या पत्राबरोबर ते टाकीन. त्याने काही होणार नाही, मला माहीत आहे. माझा तबला उतरवून ठेवला आहे, वाद्या सैल करून. आई विचारते का वाजवत नाहीस, बाबा बातम्यांचा आवाज कमी करून बघतात. तू त्यांना काही सांगू नकोस. फोन करू नकोस. लिहिलंस तर वाचीन.

ज्याचा तबला उत्तम होता,
तो मयूर