वळवलेला काठ

कसबा पेठ, पुणे
९ ऑक्टोबर २०११

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, एवढ्यानेच बरं वाटलं. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. माझे गुडघे गेले आहेत. तांबट आळीत ठोक्यांचा आवाज आता दुपारपर्यंतच असतो, तोही पाहुण्यांना फोटो काढता यावेत म्हणून. दुकानात मी एकटाच. तांब्याच्या बाटल्यांना पॉलिश करून देतो. ज्या हातांनी तुझी शर्यतीची गाडी घडवली, त्यांची ही बढती.

पत्राचं कारण हेमा. तुझी लेक महिनाभरात तीनदा आली. वेगवान गाड्यांवर वारा कसा वाहतो ते शिकायला तिला इटलीत जागा मिळालीय आणि तू नको म्हणतोस. आपल्या घरातल्या गणिताने एक माणूस मारला तेवढा पुरे, असं तू तिला सांगितलंस म्हणे. तुझ्या मनाविरुद्ध ती जाणार नाही. तुला समजवायची गळ तिने मला घातली. दुसरं कोणी भेटलं नाही बिचारीला.

तिसऱ्या खेपेला ती तुझा जुना आराखडा कॉम्प्युटरवर चढवून घेऊन आली. पडद्यावर आपली गाडी आणि तिच्यावरून निळ्या रेघांचा वारा. आपण पत्र्यावर लोकरीचे धागे चिकटवायचो, आठवतं? संभाजी गाडी चालवायचा आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून तू कुठला धागा फडफडतो ते टिपून घ्यायचास. लोक आपल्याला वेडे म्हणायचे आणि आपल्याला त्याचा केवढा अभिमान होता. हेमाच्या पडद्यावर ताशी दोनशेलाही मागची चाकं जमिनीला घट्ट होती. "काका, बाबांचं गणित बरोबर आहे," ती म्हणाली. "मग गाडी मागून उचलली कशी?"

मी चहा टाकायला उठलो.

श्रीधर, आता उठून जायला जागा उरलेली नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या आराखड्यात गाडीचं शेपूट उभं कापलेलं होतं आणि वरच्या कडेला बोटभर उंचीचा धारदार काठ होता. त्यावर तू लाल पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली होतीस. मी तो तसाच केला होता. चार महिने पत्रा ठोकून ठोकून काढलेली गाडी; डोळे मिटून तळवा फिरवावा तर कुठे अडायचा नाही. अडायचा तो त्या काठाशी. चाचणीच्या आदल्या दिवशी शेवटचा हात फिरवताना माझं बोट कापलं. आमच्यात कोऱ्या, न वळवलेल्या काठाचं भांडं दुकानाबाहेर जात नाही. वडील असते तर त्यांनी ते माझ्या अंगावर फेकलं असतं. मला ते अर्धवट काम वाटलं. इंजिनिअरला पत्र्यातलं काय कळतंय, असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तासाभरात काठ वळवून गोल केला आणि गाडीवर ताडपत्री टाकली.

दुसऱ्या दिवशी तू धावपट्टीच्या त्या टोकाला घड्याळ घेऊन उभा होतास. संभाजी निघण्याआधी तू वॉकीटॉकीवर मला विचारलंस, "काठाला हात नाही ना लावलास?"

मी "नाही" म्हणालो.

पुढचं तू पाहिलंसच. संभाजी गेला, शेपटाचा चेंदामेंदा झाला, बघायला काही उरलं नाही. चौकशीला आलेल्या दोघांनी विचारलं, आराखड्याप्रमाणेच केलं होतं का. मी तंतोतंत म्हणालो. त्यांनी दोष तुझ्या गणिताला दिला, तूही दिलास, आणि पुणं सोडून नागपूरला शिकवण्या घेत बसलास. मला काही कळत नव्हतं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण गाडी उचलली त्याच क्षणी मला शंका आली होती. नेमकं कारण आता, काठाला धार कशाला हवी असं मी सहज विचारल्यावर, हेमाने सांगितलं. धार असेल तर वारा तिथे सुटतो. काठ गोल असेल तर त्याला धरून खाली वळतो आणि गाडीला वर ओढतो. गोल काठाच्या भांड्यातून पाणी ओतताना ते बाहेरून ओघळतं, तसंच. म्हणजे मला हे जन्मभर ठाऊक होतं.

काल कोथरूडला संभाजीच्या बायकोकडे, मैनाकडे गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती शिव्या देईल म्हणून तयारीत होतो. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "दर दिवाळीला श्रीधरभाऊ नागपूरहून येत्यात. पायरीवर बसत्यात, पानी बी घेत न्हाईत. तेरा वर्सं तुमी त्यांना बसू दिलं?"

तू येतोस हे मला माहीत नव्हतं. पण माहीत असतं तरी मी बोललो असतोच, असं नाही. आधी त्यांना कळवा, मग माझ्याशी बोला, असं म्हणून ती आत गेली.

चौकशीवाल्यांनाही आजच लिहिलं आहे. हेमाला मात्र अजून काही बोललो नाही. तिला तू सांग, आणि जाऊ दे तिला. माफी मागत नाही. तू स्वभावाने ती देऊन टाकशील आणि मला हलकं वाटेल, ते मला नको आहे.

या दिवाळीला मैनाच्या पायरीवर तू बसू नकोस. ती जागा माझी आहे.

तुझं बरोबर असलेलं गणित चुकवणारा,
अनंत