वेगळं रेशनकार्ड

मी, खाली अंगठा उठवणार नाथाजी रामू कोळेकर, वय वर्षे ६६, धंदा पिठाची गिरणी, राहणार मौजे बोरमळा, तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. बाकी बुद्धी जागेवर आहे, कान तर वकिलांपेक्षा बरे आहेत. कोणी दाब दिलेला नाही, फसवलेले नाही. डॉक्टरांनी काळजाचे सांगितल्यापासून ही गोष्ट मनात होती, ती आज उरकतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या घरात माझी पत्नी राहीबाई, वय ५९. आम्हाला मूलबाळ नाही. थोरले बंधू लालासाहेब, लष्करातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त, शेजारच्या घरात राहतात. त्यांच्या घरात माझी वहिनी आणि एक मुलगा, धैर्यशील. माझ्यामागे बोलणारी माणसे एवढीच, म्हणून त्यांच्यासाठीच हे लिहिले आहे.

२. रस्त्याकडेच्या दोन खोल्या, गिरणीची शेड आणि पुढचे अंगण माझ्या वाटणीचे आहे. ते सर्व मी राहीबाईस पूर्ण मालकी हक्काने देतो. वकील म्हणाले, "हयातीपुरतं द्या, पुढं पुतण्याला जाईल, भांडण होणार नाही." मी नको म्हटले. आम्ही दोघे वीसेक वर्षे दरसाल हयातीचा दाखला देत जगलो. घरात राहायलाही तिला तोच नियम लावायचा नाही. तिने खोल्या विकाव्या, दान कराव्या, कुलूप लावून देवाला जावे. कोणी विचारू नये.

धैर्यशीलने माझ्यादेखत म्हटले आहे, "काका, तुमच्यामागं काकूला आमच्यात ठिवून घीन, आन् हितं चार गाळं काढीन." पोराच्या मनात पाप नाही. पण 'ठिवून घीन' या शब्दात मी पंचेचाळीस वर्षे काढली. त्याला ते समजावे म्हणून पुढचे कलम लांब झाले आहे.

३. मला पाचव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे गेले. आई-वडील लवकर वारले. दादांनी, म्हणजे लालासाहेबांनी, मला सांभाळले. पलटणीतून सुट्टीवर येताना माझ्यासाठी वेगळा सदरा आणत. घरात मला कधी शिळे वाढले नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण मला चहा प्यायचा झाला, दाढी करायची झाली, तरी वहिनीपुढे हात करावा लागे. वहिनी कधी नाही म्हणाली नाही. तरी हात तो हातच.

सन २००४ मध्ये मी ऐकले की आंधळ्या-पांगळ्यांना सरकार दरमहा अनुदान देते. मी एकटा काठी टेकत एसटीने तहसीलला गेलो. दोन तास रांगेत उभा होतो. मागून एक बाई म्हणाली, "आवं, तुमी उताऱ्याच्या रांगेत हुभं हायसा. निराधारची रांग तिकडं." ती राहीबाई. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय आखूड राहिला. भावाकडे राहून ती वाकळा शिवायची आणि तीही त्याच कामाला आली होती. तिने माझा अर्ज वाचून दाखवला. खिडकीतला बाबू म्हणाला, "तुमच्या रेशनकार्डावर भावाची लष्कराची पेन्शन आहे. उत्पन्न बसत नाही. कार्ड वेगळं करा, मग या."

मी घरी येऊन दादांना सांगितले. त्यांनी आधी हसण्यावारी नेले. कागद काढल्यावर त्यांचा आवाज बदलला.

"काय कमी हाय रं तुला हितं?"

"कमी काय न्हाई, दादा. पर माजं बी काय न्हाई."

"निराधार म्हनून लिवून घ्यायची लाज वाटत न्हाई? मी जिता हाय तवर तू निराधार कसा?"

"तुमी जितं हायसा म्हनूनच इचारतोय. तुमच्या माघारी कुनाला इचारू?"

त्यांनी अर्ज फाडला. फाडल्याचा आवाज मला आजही येतो. मग म्हणाले, "कार्डावरनं नाव काढलंस तर ह्या घरातनंबी काढ."

मी काढले. रस्त्याकडेच्या माझ्या खोल्यांत राहायला आलो. राहीबाईने दुसरा अर्ज आणला, स्वतःच्या अक्षरात भरला. पुढच्या चैत्रात आम्ही लग्न केले आणि नव्या कार्डावर दोन नावे चढली. गावात लोक म्हणाले, ती त्याचे डोळे, तो तिचा पाय. राहीबाईला हे बोलणे आवडत नाही. ती म्हणते, "मला माजा पाय हाय. जरा आखूड हाय, एवढंच." माझे अनुदान सुरू व्हायला आणखी सव्वा वर्ष गेले. वैद्यकीय मंडळात एका डॉक्टरांनी बोटे धरून विचारले, किती? मी म्हणालो, साहेब, तुमची तुम्हालाच ठाऊक.

पहिल्या महिन्याचे पैसे हातात आले त्या दिवशी मी स्टँडवर जाऊन दोन चहा सांगितले. एक माझा, एक राहीबाईचा. माणसाला चहा पाजता येणे ही काय चीज आहे, हे धैर्यशीलला कळणार नाही, आणि कळायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

४. माझ्या वाटणीची एक एकर जिराईत जमीन धैर्यशीलला देतो. कारण असे. घर सोडल्यावर दादा माझ्याशी बारा वर्षे बोलले नाहीत. पण ती जमीन त्यांनीच कसली आणि दर सुगीला निम्मी ज्वारी माझ्या दारात येऊन पडली. कोणी आणली, कधी आणली, कोणी सांगत नसे. एके वर्षी दुष्काळात काहीच पिकले नाही, तेव्हाही एक पोते आले. ते विकतचे होते. बारदानाच्या वासावरून मला कळले.

५. दादांच्या बाबतीत माझ्या मनात राग होता. तो सन २०१७ साली फिटला. तेही नोंदवून ठेवतो.

साखरेमुळे त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर ते उंबऱ्याबाहेर येईनात. कृत्रिम पाय बसवण्याचे शिबिर लागले होते, पण त्याला अपंगत्वाचा दाखला हवा होता. दादा म्हणत, "सुभेदाराला लंगडा म्हनून शिक्का नको." वहिनी रडत माझ्याकडे आली. बारा वर्षांनी मी त्या घरात गेलो. मला बाज कुठे आहे ते अजून पाठ होते. मी कडेला बसलो आणि म्हणालो, "दादा, ह्या कामातला मी जुना मानूस हाय. कुठली रांग, कुठली खिडकी, मला सगळं म्हाईत. चला."

बाज करकरली, ते उठून बसले. मग ते म्हणाले, "काठी हाय का जादाची?"

सांगलीच्या दवाखान्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि ते मला पायरी सांगत होते. खिडकीतून कोणी विचारले, "दोघांत अपंग कोण?" मी तोंड उघडायच्या आत दादा बोलले, परेडवर बोलावे तसे:

"आमी दोगंबी. सख्खं भाऊ हाय."

माझे त्यांच्याकडे काही येणे नाही.

६. पिठाची गिरणी ग्रामपंचायतीच्या दिव्यांग निधीतून मिळाली. एका सदस्याने तेव्हा सभेत विचारले होते, आंधळ्याला गहू आणि ज्वारी कळणार का. त्यांचे दळण मी सहा वर्षे दळतो आहे, तक्रार आलेली नाही. त्यांना माफ केलेले नाही, पण दळण थांबवू नये. गिरणी, मोटर, मापे, चाळण्या राहीबाईच्या. दगडाला टाकी लावायला गिरणी दुरुस्त करणाऱ्या अजीमभाईंनाच बोलवावे. बाकीचे दगड नासवतात. तिला झेपेना तर गिरणी विकावी, पण आधी गावातल्या एखाद्या दिव्यांग माणसाला विचारून.

७. माझे अनुदान माझ्याबरोबर संपते. ते कोणाला देता येत नाही आणि द्यायचेही नाही. मी गेल्यावर तेराव्याच्या आत धैर्यशीलने तहसीलला मृत्यूचा दाखला नेऊन माझे नाव कमी करावे. मेलेल्याच्या नावाचा एकही हप्ता या घरात येऊ नये. रांगेत मागे कोणीतरी उभे असते.

राहीबाईचे अनुदान तिचे आहे. शिवून शिवून तिच्या बोटांचे ठसे गेले आहेत आणि यंत्र ते घेत नाही. दरसाल कोणीतरी सोबत जाऊन डोळ्यांवरून ओळख करून द्यावी लागते. हे काम मी धैर्यशीलवर सोपवतो. जमीन दिली त्याच्या बदल्यात, असे हवे तर समजावे. पण पासबुक तिच्याकडेच राहील. तिने खर्च कशावर केला हे विचारायचे नाही. रोज जिलबी खाल्ली तरी नाही.

८. माझा बोलका रेडिओ, तबला आणि दोन्ही पांढऱ्या काठ्या राहीबाई देईल त्याला. माझी माती गावातच करावी. जेवणावळ घालू नये. त्या दिवशी गिरणीवर येणाऱ्याचे दळण फुकट दळून द्यावे.

९. राही, तुला मी लिहून द्यावे असे काही उरलेले नाही. तरी एक सांगतो. मी गेल्यावर लोक तुला बिचारी म्हणतील. तू त्या दिवशी रांगेत मला हटकलेस तशीच त्यांनाही हटक.

हे मृत्युपत्र मला दोन वेळा सावकाश वाचून दाखवले. ते माझ्या बोलण्याप्रमाणे आहे, म्हणून खाली डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.

निशाणी डावा अंगठा: नाथाजी रामू कोळेकर

लेखन व वाचन: अ‍ॅड. ऋषिराज पाटील, कवठे महांकाळ

साक्षीदार
१) अजीम रहिमान मुल्ला, वय ५८, गिरणी दुरुस्ती (सही)
२) नायब सुभेदार (निवृत्त) लालासाहेब रामू कोळेकर, वय ७२ (सही)

साक्षीदार क्रमांक दोन यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिले: वाचलं. कबूल आहे. धाकट्याच्या असल्या कागदावर थोरल्यानं सही करायची नसते. त्यानं सांगितलं म्हणून केली.

ठिकाण: कवठे महांकाळ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५