घेणारे आणि पिणारे

धायरी, बुधवार

प्रिय नमू,

दारुड्याच्या घरात वाढलेल्या लेकींनो आणि त्याच घरात म्हाताऱ्या झालेल्या आयांनो, आपल्या संध्याकाळी दुसऱ्याच कुणीतरी पिऊन टाकल्या आहेत. माझं भाषण असं सुरू होतं, तुला पाठ आहे. आज मांडव नाही, माइक नाही, समोर तू एकटी आहेस. तरी सुरुवात तीच करते, कारण ती तुझी-माझीच आहे. रविवारी आपल्या भागातल्या बायका मत देणार. आडवी बाटली म्हणजे फाट्यावरचं दारूचं दुकान बंद, उभी म्हणजे चालू. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तू येशील. मला त्या शनिवारबद्दल लिहायचं आहे.

पण तुझ्या साखरपुड्यापासून सुरू करावं लागेल. कर्वे रस्त्यावरचं गंधारचं घर, सगळं कसं जागच्या जागी. जेवणाआधी त्याच्या बाबांनी, श्यामरावांनी, फ्रीजमधून ती फसफसत्या वाइनची जाड काचेची बाटली काढली, तारेची जाळी सोडवली आणि बूच उडवलं. मी खुर्चीत ताठ झाले. तू माझ्याकडे बघत होतीस, मी मुद्दाम बघितलं नाही. गंधारच्या आईला, हेमाताईंना, जमेल तेवढ्या सभ्यपणे विचारलं की आपल्याकडे पितात का. त्या डिशा मांडता मांडता म्हणाल्या, "छे हो, आमच्याकडे कुणी पीत नाही. आम्ही घेतो." मला हसू आलं आणि रागही आला. कारखान्यातून सायकलवर घरी येणारा पितो, गाडीतून येणारा घेतो. तुझे बाबा प्यायचे. या एका क्रियापदावर मी तासभर बोलले असते. श्यामरावांना ते कळलं असावं, कारण ग्लास पुढे करत ते म्हणाले, "कौशल्याताई, आज भाषण नको. नुसती चव बघा." तुझा चेहरा इतका कसनुसा झाला होता की मी ग्लास हातात घेतला.

खरं सांगते. दारूबंदीवरचं हाती लागेल ते सगळं मी वाचलं, व्यासपीठावरून वर्षानुवर्षं गरजले की हे विष घसा जाळतं, तोंड वाकडं करतं, मग माणूस पितोच कशाला. वासापलीकडे मला काही माहीत नव्हतं. हे घसा जाळत नव्हतं. गार, फिकट पिवळसर, पिकल्या द्राक्षाइतकंच गोड. आपल्या वरूडला संत्र्याची साल दाबली की बारीक फवारा उडतो ना, तो जणू जिभेवर उडत होता. गोळी सोडा नाकाला तरी झोंबतो, हे झोंबतही नव्हतं. यात मद्य अगदी कमी असतं, असं तू नंतर समजावलंस. असेल. हेमाताई आपला अर्धा ग्लास टीपॉयवर विसरल्या आणि साड्या दाखवायला सगळ्यांना आत घेऊन गेल्या. तुम्ही शालूचा काठ बघत होता. मी दारातून तो उरलेला अर्धा ग्लास बघत होते.

मग दर शनिवारी हिंजवडीहून येताना तू बाटली आणू लागलीस. आई विरघळली, याचा तुला केवढा आनंद. जिच्यासमोर मित्राचं नाव काढायला घाबरायचीस, ती आई ग्लास धरून बसली आणि तू बोलायला लागलीस. अमेरिकेतल्या क्लायंटचे अवेळी फोन, टीम लीडची मिजास, गंधारशी झालेलं भांडण. एकदा बाबांबद्दलही बोललीस. त्यांची सायकल दाराशी वाजली की तू गणिताचं पुस्तक उघडायचीस, पोरगी अभ्यास करतेय म्हणून ते आवाज खाली आणतील या आशेने. इतकी वर्षं एका खोलीत राहून मला हे माहीत नव्हतं. त्या बाटलीने मला माझी मुलगी मिळवून दिली, हे मी कोणत्या सभेत सांगू? म्हणून दर वेळी नुसता ग्लास पुढे केला. तू एकच घेतेस, गप्पांच्या नादात तोही उरतो. रविवारी तू जातेस, बाटली फ्रीजच्या दारात राहते. सोमवारपर्यंत तिच्यातले बुडबुडे निघून जातात, चव उतरते. तरी मी ती पिते. हो, पिते.

परवा दीपमाला पत्रकं न्यायला आली. नवरा दारूत गेल्यापासून ही बाई माझ्याबरोबर दारोदार फिरते आहे, तुला ठाऊकच आहे. थंड पाण्यासाठी तिने फ्रीज उघडला आणि बाटली बाहेर काढली. हे काय हाय, म्हणाली. मी म्हटलं, नमूने आणलेलं सरबत आहे. त्यावर ती म्हणाली, "मग मला बी दे की घोटभर. घसा सुकलाय." मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. खराब झालंय, म्हटलं. खराब झालंय तर ठेवलंय कशाला, असं हसत म्हणून ती पाणी प्यायली आणि पत्रकं घेऊन उन्हात गेली. नमू, मी कशाला घाबरले ते नीट ऐक. दीपमालाला कळेल, चळवळीत तोंड दाखवता येणार नाही, हे नंतर सुचलं. आधी मनात आलं ते एवढंच, की ही प्यायली तर मला कमी पडेल.

तुझे बाबा बाटलीला औषध म्हणायचे. मी त्यांना विचारायचे, अहो, ग्लास खाली ठेवायला अशी किती ताकद लागते? ते मान खाली घालून म्हणायचे, "तू ठेवून बघ." मला ते उद्धट उत्तर वाटायचं. त्यांना माफ केलंय असं समजू नकोस. रविवारी माझं मत आडव्या बाटलीलाच आहे. शनिवारी सकाळच्या सभेत बोलणारही आहे, दीपमालाला आधी खरं सांगून, आणि बोलणार आहे ते न जाळणाऱ्या दारूबद्दल. अर्धा ग्लास विसरून जे आत जाऊ शकतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. तू आणि गंधार त्यातले आहात. मी नाही.

हे फोनवर का सांगितलं नाही, असं तू विचारशील. काल त्याचसाठी फोन केला होता. पण मी तोंड उघडण्याआधीच तू विचारलंस, आई, मागचीच आणू ना? आणि मी हो म्हणाले. भर सभेत पुढाऱ्यांना गप्प करणाऱ्या तुझ्या आईला त्या प्रश्नाला दुसरं उत्तर देता आलं नाही. कागद मला प्रश्न विचारत नाही, म्हणून कागदावर लिहिते आहे. शनिवारी ये. बाटलीवाचून आपल्याला बोलता येईल का, याची मला धास्ती वाटते, तरी ये. पण बाटली आणू नकोस. शुक्रवारी मीच फोन करून आण म्हणाले, तरी आणू नकोस.

तुझीच,
आई