पितृपक्षातली पहिली गोळी

बुऱ्हाणपूर, मंगळवार संध्याकाळ

वहिनीचं ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. तिला एचआयव्ही असल्याचं परवाच कळलं. आज तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत असली तरी वाट बघू नका, आजपासूनच गोळी सुरू करा. घरी आईचं आपलं एकच, "पितृपक्षात नवं काही सुरू करत नाहीत. घट बसले की घे." मी नुसती चुळबुळत.

वहिनीने खिरीखालचा गॅस बंद केला, गोळी हातावर घेतली. "आई, पितरांना सांगून द्या, मी इतक्यात त्यांच्या पंगतीला बसायची नाही."

पंगतीला म्हणे! काय बाई आहे. मला सुचलं असतं असं?

आई आधी दचकली. मग तिनेच पाण्याचा तांब्या पुढे केला.